जोडीदार सोडून गेला तर : परित्याग, घटस्फोट आणि ख्रिस्तसभा



विवाहतयारीच्या वर्गात तरुण जोडपी बरेच प्रश्न विचारतात. मुले किती असावीत, घर वेगळे करावे का, पगार कोणाच्या हातात असावा, असे सगळे विचारले जाते. एक प्रश्न मात्र तिथे कोणी विचारत नाही. तो दहा-पंधरा वर्षांनी मिस्सा संपल्यावर, सगळे पांगल्यावर, हलक्या आवाजात विचारला जातो : ‘फादर, तो निघून गेला आहे. आता मी काय करू?’

आजचा अभ्यास त्या प्रश्नाविषयी आहे. त्याला दोन बाजू आहेत, देशाचा कायदा आणि ख्रिस्तसभेचा कायदा. दोन्हींविषयी आपल्या घराघरांत इतके गैरसमज आहेत, की ज्याला सोडले गेले त्यालाच दोनदा शिक्षा होते. आधी जोडीदार सोडतो, मग वाडीतील लोक. घटस्फोटाचा कागद हाती आला म्हणून कम्युनियन घेणे बंद केलेल्या भगिनी आहेत. त्यांना तसे कोणी सांगितले, कोणत्या आधारावर सांगितले, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. ज्याला जोडीदाराने सोडले आणि ज्याने दुसरे लग्न केलेले नाही, अशा व्यक्तीला केवळ न्यायालयात घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास कोणतीही बंदी नाही. याचा आधार पुढे येईलच.

‘टाकलेली’ हा आपल्या भाषेतील शब्द पाहा. सोडून दिलेल्या बाईसाठी शब्द आहे. सोडून जाणाऱ्या पुरुषासाठी तसा चिकटणारा शब्द आपण घडवलाच नाही. पुरुषांनाही सोडले जाते, हे खरे आहे. पण त्यांना नाव पडत नाही.

सोडून जाणे म्हणजे नेमके काय?

कायद्यात याला ‘परित्याग’ म्हणतात. आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांना, १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होतो. त्या कायद्यातील व्याख्या अगदी छोटी आहे : तक्रार करणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध त्याला टाकून जाणे. दोघे समजून-उमजून वेगळे राहत असतील तर तो परित्याग नव्हे. नवरा आखातात किंवा बोटीवर कामाला आहे, पैसे पाठवतो, फोन करतो, तर तो तीन वर्षे घरी आला नाही तरीही परित्याग नव्हे. कारण संसार मोडण्याचा हेतू नाही. उलट, त्याच बोटीवरून उतरून तो दुसरीकडे बिऱ्हाड करतो, पैसे बंद करतो आणि ‘मला पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असे कळवतो, तेव्हा त्या दिवसापासून परित्याग सुरू झाला असे म्हणता येते. शरीराने वेगळे होणे आणि नाते कायमचे तोडण्याचा हेतू असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

या विषयावरील मूळ निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये दिला. तो बिपिनचंद्र विरुद्ध प्रभावती या नावाने ओळखला जातो आणि तो मुंबईतलाच आहे. नवरा इंग्लंडहून परतला. बायकोच्या एका पत्रावरून दोघांत वाद झाला. ती जळगावला माहेरी गेली. नवऱ्याने ‘ती मला सोडून गेली’ म्हणून घटस्फोट मागितला. पण मधल्या काळात माहेरचे लोक तिला परत पाठवायला तयार असताना, तिला पाठवू नका अशी तार त्यानेच केली होती. न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. ते दांपत्य हिंदू होते. तरी परित्यागाचा जो अर्थ त्या निकालात लावला गेला, तोच आजही सर्व धर्मीयांच्या खटल्यांत लावला जातो. सोडून जाणाऱ्याचा हेतू पाहायचा, तसाच सोडले गेलेल्याची संमती होती का आणि त्याच्याच वागण्यामुळे दुसऱ्याला घर सोडावे लागले का, हेही पाहायचे.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. रोजच्या मारहाणीमुळे किंवा दारूमुळे एखादी बाई मुलांना घेऊन माहेरी आली, तर तिचा नवरा गावभर सांगतो की ‘तीच मला सोडून गेली’. कायदा असे मानत नाही. ज्याच्या वागण्यामुळे दुसऱ्याला उंबरा ओलांडावा लागला, तोच परित्याग करणारा ठरतो, मग तो त्याच घरात, त्याच खाटेवर झोपत असला तरी.

आईच्या पिढीला जे मिळाले नाही

आजच्या तरुणांना माहीत नसेल, पण २००१ पर्यंत ख्रिस्ती पत्नीला केवळ ‘नवरा सोडून गेला’ या कारणावर घटस्फोट मिळत नसे. पुरुषाला पत्नीचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे होते. स्त्रीला मात्र व्यभिचार सिद्ध करून वर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे दुसरे काही जोडावे लागे. नुसत्या परित्यागावर तिला फक्त न्यायिक विभक्तता मिळे, म्हणजे वेगळे राहण्याची परवानगी; विवाहबंधन कायद्याने कायमच. त्यात जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो कायम करावा लागे. ज्या बाईकडे एस.टी.च्या भाड्याचे पैसे नसत, तिच्यासाठी हे दार बंदच होते.

केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात ही अट घटनाविरोधी ठरवली. त्यानंतर संसदेने कायदा बदलला. तो बदल ३ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे. आता कलम १० प्रमाणे पती व पत्नी दोघांना सारखीच कारणे उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी परित्याग हे एक स्वतंत्र कारण आहे. अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षे तो सलग असला पाहिजे. नवरा नाताळात येऊन मुलांना कपडे देऊन गेला, तर साधारणपणे तेवढ्याने ही दोन वर्षे तुटत नाहीत. भेट म्हणजे सहजीवन नव्हे. पण तो खऱ्या मनाने परत यायला तयार असेल आणि आपणच दार लावले, तर पारडे फिरू शकते. ‘खऱ्या मनाने’ म्हणजे काय, हे न्यायालय पुराव्यावरून ठरवते.

नवरा जिवंत आहे की नाही हेच सात वर्षे कोणाला कळले नसेल, तर तेही वेगळे कारण आहे. दोघांची संमती असेल तर कलम १०-अ खाली एकत्र अर्ज करता येतो. त्यासाठी कायद्याच्या मजकुरात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्ष अशी वाचली. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न झाले असेल, तर घटस्फोटही त्याच कायद्याखाली घ्यावा लागतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, म्हणून तिथल्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नये.

आधी चूल, मग खटला

सोडले गेल्यावर पहिला प्रश्न घटस्फोटाचा नसतोच. तो शाळेच्या फीचा आणि भाड्याचा असतो. पोटगीसाठी घटस्फोट घ्यावा लागतो, हा एक मोठा गैरसमज. दोन वर्षे थांबण्याचीही गरज नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. त्याखाली पत्नी स्वतःसाठी आणि मुलांसाठी अर्ज करू शकते. ती जिथे राहते तिथेच हा अर्ज करता येतो. नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. नोटीस पोहोचल्यापासून शक्य तो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनी आपले उत्पन्न व मालमत्ता शपथपत्रावर सांगावी. म्हणून अर्ज लवकर करावा. ‘तो सुधारेल, नातेवाईक काय म्हणतील’ असे म्हणत दोन वर्षे घालवली, तर त्या दोन वर्षांची पोटगी हातची जाते.

मारहाण किंवा घरातून हाकलणे झाले असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. सासरचे घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले, तरी सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क त्यात मान्य केला आहे. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुका व जिल्हा न्यायालयात विधी सेवेचे कार्यालय असते. १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे.

घटस्फोटाचा अर्ज मात्र, जिथे लग्न लागले, जिथे दोघे राहतात किंवा जिथे शेवटचे एकत्र राहिले, त्या ठिकाणच्या न्यायालयात करायचा असतो. कुटुंब न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे जिल्हा न्यायालय. बाईचे लग्न माहेरच्या देवळात लागले असेल तर तिला हे सोयीचे पडते. जोडीदाराचा पत्ताच सापडत नसेल, तर न्यायालयाच्या परवानगीने वृत्तपत्रात नोटीस देता येते आणि तो आला नाही तर खटला एकतर्फी चालू शकतो.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

विवाहाविषयी प्रभू येशूची शिकवण आपण मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानात ऐकतो. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, ही शिकवण ख्रिस्तसभेने कधीही सौम्य केलेली नाही. दोन स्नानसंस्कारित व्यक्तींमध्ये रीतसर झालेला आणि सहवासाने पूर्ण झालेला विवाह कोणतीही मानवी सत्ता तोडू शकत नाही, असे धर्मविधीसंहितेचे कलम ११४१ सांगते. त्यात न्यायाधीश आले, तसे बिशपही आले.

पण हीच शिकवण अर्धी सांगितली की ती सोडले गेलेल्यावर दगडासारखी पडते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल पती-पत्नीने वेगळे होऊ नये असे सांगतो आणि त्याच दमात, वेगळे व्हावेच लागले तर पुन्हा लग्न न करता राहावे किंवा समेट करावा, असेही म्हणतो. म्हणजे वेगळे राहण्याची वेळ येऊ शकते, हे पहिल्या शतकातच ओळखलेले होते. मलाखी संदेष्ट्याने तर तरुणपणीच्या पत्नीशी विश्वासघात करणाऱ्या पुरुषालाच धारेवर धरले. त्यांच्या करारात देव साक्षीदार आहे, अशी आठवण त्याने करून दिली.

धर्मविधीसंहिता कलम ११५१ मध्ये एकत्र राहणे हे पती-पत्नीचे कर्तव्य आणि हक्क मानते, पण योग्य कारण असल्यास सूट देते. कलम ११५३ प्रमाणे जोडीदारापासून आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळे होता येते. एरवी बिशपांची परवानगी लागते. परंतु थांबण्यात धोका असेल तर स्वतःच निर्णय घेता येतो. रात्री मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या आईने आधी परवानगीचा कागद आणावा, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. कारण संपले की सहजीवन पुन्हा सुरू करावे, हेही तेच कलम सांगते आणि मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची तरतूद झालीच पाहिजे, असे पुढचे कलम बजावते.

आता न्यायालयातील घटस्फोट. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात परिच्छेद २३८३ मध्ये या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. कायदेशीर हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा यांचे रक्षण करण्यास दिवाणी घटस्फोटाखेरीज दुसरा मार्ग नसेल, तर तो सहन केला जाऊ शकतो आणि ते नैतिक पाप ठरत नाही. परिच्छेद २३८६ आणखी पुढे जातो. विवाहाशी एकनिष्ठ राहण्याचा प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्याला अन्यायाने सोडले गेले आणि ज्याने स्वतःच्या गंभीर चुकीने विवाह मोडला, या दोघांत मोठा फरक आहे, असे तो म्हणतो. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘फॅमिलिआरिस कॉन्सोर्शियो’ या पत्रात स्पष्ट केले, की घटस्फोटाला बळी पडलेल्या पण पुनर्विवाह न केलेल्या व्यक्तीला संस्कार स्वीकारण्यास अडथळा नाही. उलट तिची निष्ठा ही साक्ष आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लेतित्सिया’मध्ये अशा लोकांना पवित्र मिस्सातून बळ मिळवण्याचे उत्तेजन द्यावे, असे लिहिले.

तेव्हा अशा भगिनीने मिस्सात वाचन करू नये, धर्मशिक्षणाचा वर्ग घेऊ नये, असे म्हणणाऱ्यांनी आधार दाखवावा. तो नाही.

दोन कुलपे, दोन किल्ल्या

यापुढे मात्र सावध राहावे लागते. न्यायालयाने घटस्फोट दिला म्हणजे ख्रिस्तसभेच्या दृष्टीने ती व्यक्ती पुन्हा लग्न करण्यास मोकळी झाली असे नाही. तो कागद पोटगी, ताबा, मालमत्ता यांच्यापुरता आहे. देवळात पुन्हा लग्न करायचे असेल, तर पहिला विवाह मुळातच वैध नव्हता, असा धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाचा निर्णय हवा.

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. ‘तो सोडून गेला’ हे त्या निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. चर्चचे न्यायालय लग्न का मोडले हे पाहत नाही. वेदीसमोर संमती दिली त्या दिवशी ती संमती खरी होती का, हे पाहते. समजा, नवरदेवाने घरच्यांच्या धाकाने होकार दिला आणि तीन आठवड्यांत तो निघून गेला. किंवा कायम एकत्र राहण्याचा विचारच त्याच्या मनात नव्हता. किंवा गंभीर मानसिक कारणाने विवाहाची जबाबदारी पेलण्याची क्षमताच नव्हती. किंवा मोठी गोष्ट लपवून फसवले होते. अशा वेळी लवकर सोडून जाणे हा त्या दिवशीच्या उणिवेचा एक पुरावा ठरू शकतो. पण पंधरा वर्षे नीट संसार करून, तीन मुले झाल्यावर कोणी दुसरीबरोबर गेला, तर तेवढ्यावर विवाह अवैध ठरत नाही. हे ऐकायला कठीण आहे. ते आधीच सांगितलेले बरे, म्हणजे कोणी खोट्या आशेवर वर्षे काढणार नाही.

पोप फ्रान्सिस यांनी केलेली सुधारणा ८ डिसेंबर २०१५ पासून लागू आहे. पूर्वी दोन न्यायालयांचे एकसारखे निर्णय लागत. आता अपील झाले नाही तर एक पुरतो. अर्जदार जिथे राहतो त्या धर्मप्रांतातही अर्ज करता येतो. विवाहबंधनाच्या बाजूने बोलणारा अधिकारी प्रत्येक प्रकरणात असतो आणि दुसऱ्या जोडीदाराला बोलावणे पाठवले जाते. तो आला नाही तरी प्रकरण थांबत नाही. मुलांचे काय, ही आयांची भीती असते. ख्रिस्तसभेच्या कायद्यात अशा विवाहातील मुले औरसच राहतात.

उलट चूकही होते. चर्चच्या न्यायालयाचा निर्णय हाती आला की काही जण थेट दुसरे लग्न ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात आणि पुन्हा २०१७ मध्ये सांगितले, की चर्चच्या न्यायालयाचा निर्णय देशाच्या कायद्यातील घटस्फोटाची जागा घेऊ शकत नाही. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसताना दुसरे लग्न केले तर तो द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आहे. नुसत्या बेपत्ता असण्याबाबतही दोन कायदे वेगळे आहेत. सात वर्षे काहीच खबर नसेल तर देशाचा कायदा माणूस मृत मानू शकतो. ख्रिस्तसभा केवळ दीर्घ गैरहजेरी पुरेशी मानत नाही, मृत्यूविषयी नैतिक खात्री झाल्याखेरीज बिशप तसे जाहीर करत नाहीत.

परित्यागाला ख्रिस्तसभेच्या कायद्यात थेट स्थान आहे ते एकाच ठिकाणी. दोघांचेही लग्न स्नानसंस्काराआधीचे असेल, नंतर एकाने स्नानसंस्कार घेतला आणि दुसरा त्यामुळे सोडून गेला, तर संत पौलाच्या त्याच सातव्या अध्यायावर आधारलेली सवलत मिळू शकते. आपल्या भागातील जुन्या धर्मांतरित कुटुंबांत अशी उदाहरणे घडली आणि १८६६ साली सरकारने त्यांच्यासाठी वेगळा कायदाही केला होता. आज प्रश्न क्वचित येतो, पण आला तर धर्मगुरूंना विचारावे.

सोडले गेल्यानंतर ज्यांनी न्यायालयात दुसरे लग्न केले, त्यांचा विषय वेगळा व मोठा आहे. ते ख्रिस्तसभेतून बहिष्कृत नाहीत, एवढेच इथे नोंदवतो.

कोणते कागद जपावेत?

ज्या कोणाच्या घरात हे घडत असेल, त्यांनी पुढील गोष्टी आजच एका पाकिटात ठेवाव्यात. चर्चमधील लग्नाचा दाखला आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. मुलांचे जन्मदाखले व स्नानसंस्काराचे दाखले. जोडीदार घर सोडून गेला ती तारीख, स्वतःच्या हाताने लिहून. परत या म्हणून पाठवलेली पत्रे, त्यांच्या पोस्टाच्या पावत्या, मोबाईलवरील निरोप. हे निरोप पुसून टाकू नयेत, रागाने लिहिलेले स्वतःचे निरोपसुद्धा. पैसे येणे कधी बंद झाले हे दाखवणारे बँकेचे पासबुक. त्याच्या नोकरीचा, पगाराचा, जमिनीचा जो कागद मिळेल तो. पोलिसांत तक्रार दिली असेल तर तिची प्रत. समेटासाठी धर्मगुरू किंवा नातेवाईक बसले असतील, तर कोण बसले आणि केव्हा, याची टीप.

यांपैकी बहुतेक कागद दिवाणी आणि चर्चच्या, दोन्ही न्यायालयांत उपयोगी पडतात. लग्नाच्या दाखल्याची प्रत ज्या धर्मग्रामात लग्न लागले तेथील कार्यालयातून मिळते. मागताना कारण सांगण्याची सक्ती वाटून घेऊ नये.